गोधडीचा काठ पुरत का नाही: तुकड्यांच्या काठाचं माप कुठे चुकतं

मृग लागायच्या आत गोधड्या शिवून, धुऊन, कडकडीत उन्हात वाळवून आत घ्यायच्या, ही आमच्या मालवणकडची पद्धत. त्यामुळे मे महिन्यात वाडीतल्या ओट्यांवर कापडाचे तुकडे पसरलेले असतात, आणि दर वर्षी कुणी ना कुणी तीच अडचण घेऊन माझ्याकडे येतं. यंदा शेजारच्या काकी आल्या. नातवाच्या बारशाची गोधडी त्यांनी पडवीत अंथरली, वर चौकोनांचा काठ ठेवला आणि म्हणाल्या, "गो, आंग बरोबर इला, मगे काठच कित्याक कमी पडलो?"

काठ थोडाथोडका कमी नव्हता. आखूड बाजूला ३ इंच आणि लांब बाजूला ६ इंच कमी पडत होता. काकींची शिवण देखणी आहे, टाका एकसारखा, कोपऱ्याला कोपरा भिडलेला. म्हणजे हात चुकला नव्हता, हिशेब चुकला होता. ही चूक इतक्या जणींकडून होताना पाहिली आहे की ती एकदा नीट मांडायलाच हवी.

आधी मापाची भाषा ठरवून घेऊ. मी इंच आणि सूत यांत लिहिते, कारण आमच्याकडे शिंपी आणि सुतार दोघंही तेच बोलतात. एका इंचाचे आठ सूत. शिलाईसाठी कडेला जी माया सोडायची ती पाव इंच, म्हणजे दोन सूत. अंग म्हणजे गोधडीचा मधला भाग, काठ म्हणजे त्याभोवतीची तुकड्यांची ओळ.

काकींचं अंग १२ इंची चौकटींचं होतं, आडव्या तीन आणि उभ्या चार. शिवून झाल्यावर ३६ बाय ४८ इंच, आणि चारी बाजूंची माया धरून साडेछत्तीस बाय साडेअठ्ठेचाळीस. काठासाठी त्यांनी साडेतीन इंचाचे चौकोन कापले होते. मग टेपने अंग मोजलं, साडेछत्तीस आलं, त्याला साडेतीनने भागलं, साडेदहाच्या आत-बाहेर उत्तर आलं म्हणून ११ तुकडे घेतले. लांब बाजूलाही तसंच, १४ तुकडे.

चूक इथेच आहे. साडेतीन इंचाचा तुकडा दोन्ही बाजूंनी शिवला की उरतो ३ इंचांचा. ११ तुकडे जोडल्यावर ३३ इंच होतात आणि दोन टोकांची माया मिळून साडेतेहेतीस. हवे होते १२ तुकडे. लांब बाजूला १४ नव्हे, १६. भागाकार कापायच्या मापाने करायचाच नाही. शिवलेल्या अंगाला शिवलेल्या तुकड्याने भागायचं: ३६ भागिले ३, ४८ भागिले ३. माया या हिशेबात मधेच आणायची नाही. सगळे आकडे शिवून झालेल्या मापाचे मांडायचे, बेरीज जुळली की मगच, कात्री हातात घ्यायच्या आधी, प्रत्येक तुकड्याला त्याची माया द्यायची. माया तुकड्यागणिक असते, एकूण लांबीला एकदा वाढवून चालत नाही. मी वहीत दोन रकाने करते, डावीकडे शिवलेलं माप, उजवीकडे कापायचं माप, आणि डावा रकाना पुरता जुळेपर्यंत उजवा कोरा ठेवते.

आजीच्या गोधडीत हा प्रश्नच नसायचा. ती जुन्या लुगड्याच्या थरांवर तुकडे कडेने दुमडत, एकाशेजारी एक ठेवत धावदोरा घालत जायची. जागा उरली की उरलेल्या जागेएवढा तुकडा कातरायची. तिथे माप कापडच सांगतं. आपण चौकटी वेगळ्या जोडून, काठ वेगळा जोडून, मग दोन्ही एकत्र आणतो, म्हणून आपल्याला हिशेब लागतो.

कुठल्या आकाराला किती माया

चौकोनाला किंवा पट्टीला दोन्ही बाजूंची मिळून अर्धा इंच. ३ इंची चौकोन हवा तर साडेतीन कापा. इथे सहसा कुणी चुकत नाही. गडबड होते ती त्रिकोणांत.

दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडून एक चौकोन करायचा असेल तर अर्धा इंच पुरत नाही, कारण तिरक्या शिवणीलाही माया लागते आणि टोकाकडे ती लांब पसरते. त्यासाठी शिवलेल्या मापात सात सूत मिळवायचे. ३ इंची चौकोनासाठी ३ इंच ७ सूत, म्हणजे चाराला एक सूत कमी. एवढा चौकोन कापून तो एकदाच तिरका कातरला की दोन त्रिकोण मिळतात. खरं गणित सात सुतांपेक्षा किंचित कमी निघतं, आपण ते वरच्या बाजूला ओढून घेतो. मी तर सरळ पूर्ण इंच वाढवते, चारचे चौकोन कापते, शिवते, इस्त्री करते आणि मग प्रत्येक चौकोन साडेतीनवर छाटते. कापड थोडं वाया जातं, पण ६० चौकोन एका मापाचे येतात. काठासाठी ते मोलाचं आहे.

तिसरा प्रकार, ज्यात त्रिकोणाची लांब बाजू गोधडीच्या बाहेरच्या कडेला येते. उदाहरणार्थ टोकावर उभे केलेले चौकोन, शंकरपाळ्यांची ओळ, आणि त्यांच्या मधल्या खाचा भरणारे त्रिकोण. इथे लांब बाजूच्या शिवलेल्या मापात सव्वा इंच मिळवायचा, तेवढा चौकोन कापायचा आणि तो दोनदा तिरका, फुलीसारखा, कातरायचा. चार त्रिकोण मिळतात. ४ इंच लांब बाजू हवी तर सव्वापाच इंचाचा चौकोन.

एकदाच कातरायचा की दोनदा, हे कापड वाचवण्यासाठी ठरवायचं नसतं. चौकोन एकदा कातरला की त्रिकोणाच्या आखूड बाजू सरळ धाग्यावर राहतात आणि लांब बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, होते. दोनदा कातरला की लांब बाजू सरळ धाग्यावर येते. गोधडीच्या बाहेरच्या कडेला जी बाजू येईल ती सरळ धाग्यावरच हवी. उरेब बाजू बाहेर आली तर ती हात लागेल तशी ताणते आणि काठाला लाटा येतात.

सेंटीमीटरमध्ये शिवणाऱ्यांचं काम याहून सोपं आहे. माया पाऊण सेंटीमीटर धरली तर चौकोनाला दीड, एकदा कातरायच्या त्रिकोणाला अडीच, दोनदा कातरायच्या त्रिकोणाला साडेतीन सेंटीमीटर. दीड, अडीच, साडेतीन, तोंडपाठ होतं. मात्र टेपची एक बाजू धरली की गोधडी पुरी होईपर्यंत तीच धरायची.

शंकरपाळ्यांबद्दल आणखी एक. ३ इंची चौकोन टोकावर उभा केला की त्याची रुंदी ३ राहत नाही, सव्वाचारच्या जवळ जाते, कारण कर्ण बाजूच्या १.४१४ पट असतो. ३६ इंचात तो साडेआठ वेळा बसतो, आणि अर्धा शंकरपाळा कुणालाच नको असतो. उलटं गणित करून ४ इंच कर्णाचा चौकोन काढायला गेलात तर बाजू २.८३ येते, जी टेपवर नीट दाखवता येत नाही. अशा वेळी मी आकड्यांशी झुंजत नाही. कागदावर ४ इंची चौकोन आखते, त्याच्या चार बाजूंचे मध्य जोडते, आत शंकरपाळा तयार. बाहेर चारी बाजूंनी दोन सुतांची माया आखते, कागद खाली ठेवून कापड वर धरते आणि रेषेवरूनच टीप मारते. झाल्यावर कागद फाडून काढते. जुन्या वह्यांचे पातळ कागद चालतात. वर्तमानपत्र पांढऱ्या कापडाला शाई लावतं, ते टाळा.

हिशेब बरोबर, तरी काठ आखूड

हे दुखणं जास्त अवघड आहे, कारण वही बघितली तर सगळं बरोबर असतं.

मुलीसाठी मी एक गोधडी केली होती. अंगात १२ इंची अखंड चौकटी, प्रत्येकीवर एक पान लावलेलं. काठाला ३ इंची चौकोन, लांब बाजूला १६. आकडे दोनदा तपासले होते. तरी काठ पाऊण इंच कमी आला. मी तो ओढून-ताणून बसवला. धुतल्यावर गोधडीचं पोट फुगलं आणि कडा आत ओढल्या गेल्या. ती आजही कपाटात आहे, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी ती उलगडून दाखवते.

कारण शिवणींच्या संख्येत होतं. माझी टीप दोन सुतांपेक्षा केसभर आत पडत होती. प्रत्येक शिवणीमागे अर्धा सूत कापड जास्त जात होतं. अंगाच्या लांब बाजूला चार चौकटी, म्हणजे मधे फक्त ३ शिवणी, दीड सूत गेलं. काठात १६ तुकडे, म्हणजे १५ शिवणी, साडेसात सूत गेलं. फरक सहा सूत, म्हणजे बरोबर पाऊण इंच. काठात शिवणी नेहमीच दाट असतात, म्हणून मायेतली चूक अंगात दिसत नाही, काठात दिसते. अंग बरोबर आलं म्हणजे आपली शिलाई बरोबर आहे, असं धरून चालू नका.

तपासायला पाच मिनिटं लागतात. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, लांबी बोटभर असली तरी चालेल. एकमेकींना जोडा, इस्त्री करा. एकूण रुंदी साडेतीन इंच यायला हवी आणि मधली पट्टी बरोबर १ इंच. साडेतीनला एक सूत कमी आलं तर दोन शिवणींनी एक सूत खाल्लं, म्हणजे शिवणीमागे अर्धा. माझं तेच होत होतं.

काळ्या पायमशीनवर मशीनच्या पायाची कड धरून शिवतात, पण तो पाय बरोबर दोन सुतांचा असेलच असं नाही, आणि त्या मशीनवर सुई बाजूला सरकवताही येत नाही. त्यावर उपाय शाळेच्या आलेखवहीत आहे. आलेखाच्या कागदाची एक कड रेषेवर नीट कापा. कडेपासून सहा लहान घरं मोजा, म्हणजे ६ मिलिमीटर, आणि त्या रेषेवर सुई टोचून थांबवा. कागद सरळ आहे हे बघून त्याच्या कडेला लागून पत्र्यावर चिकटपट्टी लावा. मी तीन-चार थर लावते, मग कापडाला टेकायला कठडा होतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सहा धरल्याने टीप एक धागाभर बाहेर पडते, आणि तेवढा धागा शिवण एका बाजूला पाडून इस्त्री करताना घडीत जातोच. म्हणून ते कमी माप इथे बरोबर ठरतं. चिकटपट्टी लावल्यावर तीन पट्ट्यांची चाचणी पुन्हा करा.

साच्यानेही माप बिघडतं, पण उलट दिशेने. पुठ्ठ्याच्या साच्याभोवती पेन्सिल फिरवून बाहेरून कातरलं तर दोन्ही बाजूंना रेषेची जाडी वाढते. रेषेच्या आतून कातरा. आधी कापलेल्या तुकड्यावरून पुढचा तुकडा कधीही आखू नका, प्रत्येक वेळी पहिलाच साचा घ्या. पुठ्ठ्याचे कोपरे वीस-पंचवीस तुकड्यांत गोल होतात. मी जाड प्लॅस्टिकच्या फाइलचं झाकण कापून साचा करते.

काठ लांब झाला, लाटा आल्या

इथे मोजण्यापेक्षा हाताळणीत चूक असते. काठाचे तुकडे जोडून झाले की आपण इस्त्री ढकलत नेतो आणि पट्टी लांबते. इस्त्री उचलून ठेवायची, उचलून ठेवायची. आमच्या दमट हवेत सुती कापड मऊ पडतं, पावसाळ्यात तर फारच, आणि तेव्हा ते जास्त ताणतं. मोजायच्या आधी कोरडी इस्त्री फिरवून कापड गार होऊ द्या.

दुसरं कारण असं की काठ अंगाच्या कडेला धरून मोजला जातो. कडा ताणलेल्या असतात. अंग सपाट अंथरून टेप मधोमध लावा, वरून एकदा आणि खालून एकदा मोजा, आणि काठ त्या मधल्या मापाचा करा. काठाची लांब पट्टी अंगाला लावत जाऊन उरलेली कातरायची, असं कधीच करू नका. माझ्या मते लाटांच्या निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात.

आणि नवं कापड धुतल्याशिवाय जुन्याशी जोडू नका. जुनी सुती साडी वर्षानुवर्षं धुऊन आटून बसलेली असते. दुकानातलं नवं पॉपलिन पहिल्या धुण्यात आटतं. अंग साडीचं आणि काठ कोऱ्या कापडाचा असेल तर शिवताना जुळलेलं माप धुतल्यावर बिघडतं.

अंगाला भागच जात नाही, तेव्हा

प्रत्यक्षात अंग ३६ बाय ४८ क्वचितच येतं. साडेसदतीस बाय ४९ असं काहीतरी येतं. तुकड्याचं माप त्याला जुळवायला गेलात तर ३ इंच १ सूत असले चमत्कारिक आकडे निघतात आणि दोन बाजूंचे तुकडे वेगवेगळ्या मापांचे होतात. तुकडा ३ इंचाचाच ठेवा, अंग वाढवा. अंग आणि काठ यांच्यामध्ये साध्या कापडाची भरीची पट्टी घाला. ३ ने भाग जाणारे पुढचे आकडे ३९ आणि ५१. आडव्या मापात दीड इंच कमी आहे, म्हणून डावी-उजवीकडची पट्टी शिवून पाऊण इंच दिसायला हवी. उभ्या मापात २ इंच कमी, म्हणून वर-खालची १ इंच. मी चारी पट्ट्या दोन इंचांच्याच कापते, जोडते, इस्त्री करते आणि मग पूर्ण अंग साडेएकोणचाळीस बाय साडेएक्कावन्नवर चौफेर सारखं छाटते. पट्ट्यांमधला दोन सुतांचा फरक शेजारी बसून बघितला तरी नजरेत येत नाही.

पट्टी नको असेल तर प्रत्येक बाजूच्या मधोमध एक वेगळा तुकडा घाला. ५० इंची बाजूला ८ तुकडे इकडे, ८ तिकडे आणि मधे २ इंचांचा एक. तो मुद्दाम गडद रंगाचा घेतला की नक्षीच वाटते. पण चारी बाजूंना घाला.

भाग गेला तरी एक गोष्ट राहते आणि ती बहुतेकींच्या ध्यानात येत नाही. काकींचा काठ एक लाल, एक पांढरा असा होता. १२ तुकडे आणि दोन कोपरे मिळून १४, म्हणजे सम संख्या. एक कोपरा लाल आला की दुसरा पांढराच येणार. चारी कोपरे एका रंगाचे हवे असतील तर कोपरे धरून दोन्ही बाजूंची संख्या विषम हवी. ३६ बाय ४८ च्या अंगाभोवती शिवून दीड इंच दिसेल अशी पट्टी घातली की ते ३९ बाय ५१ होतं, तुकडे १३ आणि १७, कोपरे धरून १५ आणि १९. चारी कोपरे लाल. याउलट त्रिकोण एका बाजूला झुकलेले असतील आणि मध्यावर त्यांनी तोंड फिरवायचं असेल तर संख्या सम हवी. म्हणून रंग आणि दिशा आधी ठरवा, संख्या नंतर, आणि माप सगळ्यात शेवटी.

काकींच्या गोधडीला आम्ही हेच केलं. त्यांच्या जुन्या हिरव्या लुगड्यातून दोन इंची पट्ट्या काढल्या आणि अंगाला जोडल्या. शिवलेल्या ११ च्या ओळीला दोन तुकडे जोडले, १४ च्या ओळीला तीन. एकही टीप उसवावी लागली नाही. पट्टीचा हिरवा रंग लाल-पांढऱ्याला इतका शोभला की काकी म्हणाल्या, "ह्या आधीच सुचाक होया होता."

काठाचे तुकडे जोडून झाल्यावर थोडाच फरक उरला असेल, तर काय करायचं तेही सांगते. दोन सुतांपर्यंतचा फरक मशीनच सांभाळतं. अंग आणि काठ दोन्ही मधोमध दुमडून खूण करा, मग पाव आणि पाऊण भागावर. खुणेला खूण टाचणीने लावा आणि जो थर लांब आहे तो खाली ठेवून शिवा. खालचे दाते तो जरा जास्त ओढून घेतात आणि फरक वाटला जातो. मात्र टाचण्यांच्या मधे कापड हाताने ताणू नका.

काठ अर्धा इंच लांब असेल तर तो एका टोकाला कातरू नका, शेवटचा तुकडा बुटका दिसतो. मधल्या आठ शिवणी निवडा, शक्यतो एक सोडून एक, आणि प्रत्येकीत अर्धा सूत आत घ्या. जुन्या टिपेच्या आतल्या बाजूने, जेमतेम धागाभर अंतरावर दुसरी टीप मारली की तेवढं होतं. जुनी टीप उसवायची गरज नाही, ती मायेत दडून जाते. काठ आखूड असेल तर उलट करा: नवी टीप जुनीच्या बाहेर, कापडाच्या कडेकडे, धागाभर अंतरावर मारा आणि मगच आतली जुनी उसवा. उसवण्याआधी माया दीड सुतापेक्षा कमी तर राहत नाही ना, ते बघा. जुन्या साडीचं झिरझिरीत कापड त्याहून कमी मायेत दोन धुण्यांतच सुटतं. तिथे काठाच्या मधोमध एक नवा तुकडा घालणं बरं.